बाटलीवरील नाव आणि जिभेची साक्ष

ज्या मालाची पारख गिऱ्हाइकाला स्वतः करता येत नाही, तो माल ते नावावर विकत घेते. वाइनच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. कारण बूच निघण्यापूर्वीच पैसे मोजावे लागतात. नवख्याने भरवसा कोणावर ठेवावा, या प्रश्नाला इतिहासाने निरनिराळ्या काळी तीन उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर दलालांचे. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दो येथील व्यापारी मंडळाने आपल्या प्रांतातील वाइनची प्रतवारी दलालांकडून मागविली. दलालांनी चवीची नवी परीक्षा मांडली नाही. बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेला भाव हेच त्यांचे माप. तांबड्या वाइनचे पाच वर्ग ठरले. प्रदर्शनापुरती केलेली ही यादी आजही प्रमाण मानली जाते. तिच्यातील गाजलेला फेरबदल एकच: १९७३ साली मूताँ-रोथशील्ड हा मळा दुसऱ्या वर्गातून पहिल्यात चढला.

दुसरे उत्तर संकटातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे नासविली. अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले. परंतु मधल्या टंचाईत मनुका आणि साखरपाणी यांपासून केलेला माल वाइन म्हणून खपू लागला. १९०५ साली भेसळीविरुद्ध कायदा झाला. १९०७ साली भाव कोसळल्याने गांजलेले दक्षिणेतील द्राक्षउत्पादक रस्त्यावर उतरले. आणि १९३५ साली उगमस्थानांच्या नावांचे रक्षण करणारी राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. प्रदेशाची हद्द, द्राक्षाची जात, जमिनीचा उतारा यांवर बंधने आली. ‘शाब्ली’ हे द्राक्षाचे नाव असावे असे नवख्यास वाटते. वस्तुतः ते गाव आहे आणि द्राक्ष शार्दोने. नावाची अशी फोड करता येणे हे या विद्येतील अक्षरज्ञान होय.

परंतु कायदा उगमाची हमी देतो, रुचीची नव्हे. तिसरे उत्तर जिभेने दिले. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच आणि कॅलिफोर्नियातील वाइन नावे झाकून परीक्षकांपुढे ठेवल्या. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते. तरी तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला! तांबड्यांत दुसरी आली ती मूताँ-रोथशील्ड.

या निकालाने जुनी यादी रद्द झाली नाही, आणि उगमाचे कायदेही निरर्थक ठरले नाहीत. भाव, कायदा आणि जीभ हे तीन निरनिराळे साक्षीदार आहेत. पहिला लौकिक सांगतो, दुसरा कुळ सांगतो. आपणांस काय रुचते, हे मात्र तिसराच सांगू शकतो. नवख्याने पहिल्या दोघांचे अवश्य ऐकावे. परंतु निवाड्याच्या वेळी बाटलीवरील नाव झाकावे, चव घ्यावी आणि मगच ते वाचावे.