संकलित भाषांतील नामलोप आणि आत्मावलोकन

पाणिनीच्या अष्टाध्यायीत (१.१.६८) असा संकेत आहे की, व्याकरणात उच्चारलेला शब्द, पारिभाषिक संज्ञा वगळता, अर्थाचा नव्हे तर स्वतःच्या रूपाचा बोध करून देतो. भाषेने स्वतःविषयी बोलण्याची ही सोय संगणकाच्या संकलित भाषांत उशिरा आली.

१९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या फोरट्रानच्या कंपायलरचे ध्येय वेग हे होते. यंत्राला नावे लागत नाहीत, पत्ते पुरतात. गोराईच्या खाडीतील फेरीबोटीची नोंद ठेवणारी एखादी आज्ञावली घ्यावी. तीत ‘नाव’, ‘उतारू’, ‘भाडे’ असे घटक असले, तरी कंपायलरच्या हातून गेल्यावर उरतात ती केवळ आरंभापासूनची अंतरे : ०, ८, १२. (होडी की अभिधान, हा ‘नाव’ शब्दाचा मराठी श्लेषही तेथेच संपतो.) उलट मॅकार्थी यांच्या १९६० सालच्या निबंधातील लिस्पमध्ये आज्ञावली हीच यादीरूप सामग्री असल्याने नावे टिकली. ब्रायन स्मिथ यांनी १९८२ च्या एम.आय.टी.तील प्रबंधात याच परंपरेतून ‘रिफ्लेक्शन’ची, म्हणजे आत्मावलोकनाची, उपपत्ती मांडली.

संकलित भाषेत हे साधणे वाटते तितके दुर्घट नाही. नावे कंपायलरच्या कोष्टकात असतातच. ती फेकून न देता प्रत्येक प्रकारासाठी एक वर्णनपत्र यंत्रसंकेतासोबत ठेवावयाचे. त्यात प्रकाराचे नाव, आकार आणि प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार व अंतर नोंदावे, आणि मूल्याबरोबर या पत्राचा पत्ता द्यावा. ‘भाडे’ हे नाव आले की चालती आज्ञावली पत्रात १२ हे अंतर शोधते.

खरी अडचण निराळीच आहे. अनावश्यक ते गाळणे हा कंपायलरविद्येचा धर्म, पवईच्या आय.आय.टी.तील धनंजय ढमढेरे यांचा १९९१ चा निबंध पुनरुक्त गणिते हटविण्याविषयीच आहे. परंतु कोणते कार्य नावाने हाकारले जाईल हे आधी कळत नसेल, तर गाळावे काय? २००९ साली प्रकट झालेल्या गो भाषेने वर्णनपत्रांचा भार पत्करला. सी++ च्या १९९८ च्या प्रमाणाने प्रकाराच्या ओळखीपलीकडे फारसे दिले नाही. जून २०२५ मध्ये तिच्या पुढील प्रमाणाच्या मसुद्यात आत्मावलोकन स्वीकारले गेले, तेही संकलनकाळापुरतेच. चालत्या आज्ञावलीसाठी कोणती नावे राखावयाची, हे तेथे लेखकाने ठरवावयाचे आहे.