हळदीचा पुरावा आणि कॉलेजची लायब्ररी



विळीवर बोट कापलं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडं जातो. हे आपल्याला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. आजीनं आईला सांगितलं, आईनं आपल्याला. पण १९९५ साली हीच गोष्ट अमेरिकेत नवा शोध म्हणून नोंदली गेली. हळदीनं जखम भरून येते, यावर तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे सरकारनं दिलेला मक्ता. ठरावीक वर्षं तो शोध दुसऱ्या कुणी परवानगीवाचून धंद्यासाठी वापरायचा नाही.

हा मक्ता अमेरिकेपुरता होता, आपल्या डब्याला कुणी हात लावणार नव्हतं. पण प्रश्न मोठा होता. पिढ्यान् पिढ्या बायांनी सांभाळलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर चढते कशी?

तेव्हा भारत सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यात जन्मलेले, मुंबईत आईनं कष्ट करून शिकवलेले. १९९६ साली परिषदेनं अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडं अर्ज केला की हे पेटंट पुन्हा तपासा, यात नवं काहीच नाही.

आता खरी मेख ऐका. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली तोंडी माहिती किंवा घरोघरचा वापर पुरावा म्हणून चालत नव्हता. छापलेला कागदच लागे. कोट्यवधी बायांनी शपथेवर सांगितलं असतं तरी ते मोजलं गेलं नसतं. मग शोधाशोध झाली. संस्कृत, उर्दू, हिंदीतली जुनी पुस्तकं निघाली, त्यातली काही शंभर वर्षांहून जुनी होती. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या मासिकात १९५३ साली छापलेला एक लेखही निघाला. असे ३२ दाखले पुढं ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

लढाई जिंकली ती खरेपणानं, पण तेवढ्यानं नाही. कुणीतरी ते आधी लिहून ठेवलं होतं आणि लिहिलेलं वेळेला सापडलं, म्हणून जिंकली. ‘सापडलं’ हा शब्द ध्यानात ठेवा. आज आपण त्याचाच इतिहास बघणार आहोत.

तलाठ्याकडं गट नंबर सांगितला की सातबारा निघतो. नंबर नसता तर सगळं दप्तर उपसत बसावं लागलं असतं. संशोधनाचंही तसंच आहे. जगभर हजारो मासिकांत लेख छापतात. नुसते गठ्ठे साठवून काय उपयोग? कुठला लेख कशात, कुठल्या पानावर, याची सूची लागते. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे लष्करी डॉक्टर होते, तिथलं वैद्यकीय ग्रंथालय ते सांभाळत. १८७९ साली त्यांनी वैद्यकीय लेखांची अशी सूची दर महिन्याला छापायला सुरुवात केली. पुढं १९६४ साली ते काम कॉम्प्युटरवर गेलं. १९७१ साली टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या ग्रंथालयातून शोध घेता येऊ लागला. आणि जून १९९७ मध्ये ती सूची ‘पबमेड’ या नावानं इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट खुली झाली. हळदीचं पेटंट रद्द झालं, तेच साल.

अशा सूच्या आणि लेखांच्या ऑनलाइन साठ्याला डेटाबेस म्हणतात. शेतीचे, औषधांचे, कायद्याचे, इतिहासाचे असे वेगवेगळे डेटाबेस आहेत. पण त्यांतल्या पुष्कळांना वर्गणी पडते, तीही लाखांच्या घरात. तालुक्याच्या कॉलेजला ती कुठून परवडणार? तिथं आपल्या गटाचीच युक्ती कामाला आली, म्हणजे सगळ्यांनी मिळून घाऊक घ्यायचं. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९१ साली ‘इन्फ्लिबनेट’ सुरू केलं. ते आता गांधीनगरला आहे. त्यांच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून २०१० सालापासून साध्या कॉलेजांनाही हजारो मासिकं आणि पुस्तकं ऑनलाइन मिळू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘एक देश, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तिच्यातून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० मासिकं खुली होतात.

म्हणजे तुमची लेक किंवा सून कॉलेजात शिकत असेल, तर हे दार तिच्यासाठी उघडं असण्याचा मोठा संभव आहे. पुष्कळ मुलींना ते माहीतच नसतं. तिला म्हणावं, ग्रंथपालांना विचार, आपल्या कॉलेजला एन-लिस्ट आहे का? असेल तर माझं लॉगिन काढून द्या. आणि जे कॉलेजात नाहीत त्यांच्यासाठी पबमेड आहेच. शिवाय ‘शोधगंगा’ आहे. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, त्यात मराठीत लिहिलेलेही आहेत.

शोधायचं कसं? पहिलं म्हणजे नाव. नुसतं ‘हळद’ लिहिलंत तर इंग्रजी साठ्यात फारसं हाती लागणार नाही. ‘टर्मरिक’ लिहा, ‘कुर्कुमा लोंगा’ हे शास्त्रीय नाव लिहा. जुन्या ग्रंथांत तीच ‘हरिद्रा’ असते. एका वस्तूची चार नावं, चारही टाकून बघायची. दुसरं, एका शब्दावर थांबू नका. हळद आणि जखम, हळद आणि करपा, असे दोन शब्द जोडले की ढीग कमी होतो. तिसरं, आधी गोषवारा वाचा. लेखाच्या सुरुवातीला आठ-दहा ओळींत सगळं सार असतं, आणि पूर्ण लेखाला पैसे पडत असले तरी गोषवारा बहुतेक वेळा फुकट दिसतो. चौथं, लेखाचं नाव, मासिक आणि साल वहीत उतरवून घ्या, म्हणजे तो पुन्हा सापडेल.

एक सावधगिरीही हवी. छापलं म्हणून सगळं खरं नसतं. प्रयोग उंदरावर झाला की माणसांवर, किती जणांवर झाला, पैसा कुणी दिला, हे बघायचं. आणि लेख वाचून डॉक्टरांचं औषध बंद करायचं नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच सगळ्यात आपला आहे. हळदीच्या प्रकरणातून धडा घेऊन भारतानं २००१ साली पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं करायला घेतलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली औषधं पाच परदेशी भाषांत मांडली. युरोपच्या पेटंट कार्यालयाला २००९ पासून तो साठा तपासता येतो. फार मोठं काम झालं. पण ते मुख्यतः ग्रंथांवर उभं आहे. जे ग्रंथात कधी आलंच नाही, त्याचं काय? कुठली रानभाजी कोणत्या महिन्यात खावी, कुठलं बी राखेत ठेवलं की किडत नाही, बाळंतिणीला काय द्यावं, हे बायांच्या तोंडी आहे. म्हातारी गेली की तेही गेलं.

त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यात सोय आहे. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपल्या गावाची नोंदवही कुठं आहे? तिच्यात बायांना विचारून काय लिहिलंय? काहीच नसेल तर गटाच्या बैठकीत एक वही घाला. वनस्पतीचं गावातलं नाव, कुठं मिळते, कशी वापरतात, कुणी सांगितलं आणि तारीख एवढं लिहा. शास्त्रीय नाव कॉलेजातली लेक डेटाबेसमधून काढून देईल. बाहेरच्या कुणाला ती वही द्यायची की नाही, हे मात्र सगळ्याजणींनी मिळून ठरवा.

आजीनं सांगायचं आणि नातीनं शोधून लिहायचं. या महिन्याच्या बैठकीत एकाच वनस्पतीपासून सुरुवात करू या.