नियम वाचताना भांडण शोधा

जुन्या अमेरिकन पश्चिमेवरच्या सिनेमांत हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल: समोरच्याने मोठी रक्कम लावली, हिरोकडे तेवढे पैसे नाहीत, म्हणून भारी पत्ते हातात असूनही डाव जायची वेळ. आता १९व्या शतकातली अमेरिकन नियमपुस्तकं उघडा. पोकरमध्ये पैसे कमी पडलेल्याला तिथे हक्क दिलाय: उरलेले पैसे लावून 'साइट' मागायची, म्हणजे तेवढ्या रकमेपुरतं शेवटपर्यंत डावात राहायचं. आजच्या साइड पॉटमागे हीच कल्पना आहे.

समजा, 'अ'कडे १०० डॉलर, 'ब' आणि 'क'कडे ३००-३००. तिघांनी सगळे लावले. प्रत्येकी १०० मिळून ३०० चा मुख्य पॉट, त्यावर तिघांचा हक्क. उरलेल्या ४०० चा साइड पॉट फक्त 'ब' आणि 'क'मध्ये. 'अ'चे पत्ते सगळ्यांत भारी निघाले, तरी त्याला ३००च.

यातून आपण काय शिकायचं? नियम बहुतेकदा भांडणानंतर लिहिला जातो. नुसत्या पैशाच्या जोरावर कुणाला डावातून उठवता येऊ नये, ही काळजी इथे दिसते. पण नियम खरंच पाळला जायचा का, हे नियमपुस्तक सांगत नाही. त्यासाठी आठवणी, वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद चाळावेच लागतात.