तोयामा : ज्येष्ठांना सोयीची नगररचना

जपानच्या तोयामा शहराने वृद्ध रहिवाशांची सोय डोळ्यांसमोर ठेवून राबवलेली नगररचना. होन्शू बेटावर, जपानच्या समुद्राकाठी वसलेल्या या शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख आहे. 2005 मध्ये आसपासच्या नगरपालिका व गावे त्यात विलीन झाली आणि क्षेत्रफळ सुमारे 1,240 चौ. किमी. झाले. वस्ती विरळ, घरटी मोटार, हिवाळ्यात भरपूर बर्फ. पसरलेल्या वस्तीत बर्फ उपसणे, रस्ते व नळ सांभाळणे महापालिकेला परवडेना. शिवाय ज्यांना गाडी चालवता येत नव्हती त्यांना घराबाहेर पडणेच अवघड झाले होते.

महापौर मोरी मासाशी (कार्यकाळ 2002–21) यांच्या काळात वस्ती आगगाडी, ट्राम व बस यांच्या मार्गांलगत आणण्याचे धोरण ठरले. सक्ती कोणावरही नव्हती. मार्गालगत घर घेणाऱ्यांना अनुदान मिळे. तोट्यातल्या एका जुन्या रेल्वेमार्गावर 29 एप्रिल 2006 रोजी ‘पोर्टराम’ ही ट्राम सुरू झाली. पूर्वी अर्ध्या-एक तासाने येणारी गाडी आता दिवसा पंधरा मिनिटांनी येऊ लागली. डब्याची जमीन फलाटाच्या पातळीत असल्याने काठी टेकत किंवा चाकाच्या खुर्चीतूनही थेट आत जाता येते. 2009 मध्ये शहराच्या मध्यभागी वर्तुळाकार ट्राममार्ग झाला.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठीचा ‘ओदेकाके’ पास हा या योजनेचा सर्वांत हुशार भाग. दिवसा, ठरलेल्या वेळेत, शहरात कोठूनही मध्यभागी जायला 100 येन पुरतात. सवलत मध्यभागी चढण्या-उतरण्यावरच असल्याने दुकानांनाही गिऱ्हाईक मिळते. नातवंडांना घेऊन आलेल्या आजी-आजोबांना महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी प्रवेश मोफत असतो. बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेच्या जागी 2011 मध्ये काडोकावा केंद्र उघडले. तेथे गरम झऱ्याच्या पाण्यात वृद्धांकडून व्यायाम करून घेतात, अंथरूण धरण्याची वेळ लांबावी म्हणून.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) 2012 च्या आटोपशीर शहरांवरील अहवालात मेलबर्न, व्हँकूव्हर, पॅरिस व पोर्टलंड यांच्याबरोबर तोयामाचा अभ्यास केला. मार्च 2020 मध्ये तोयामा रेल्वे स्थानकाखालून उत्तर व दक्षिण ट्राममार्ग जोडले गेले. वृद्धांसाठी वेगळी वसाहत न उभारता शहराची रोजची वाहतूकच त्यांना झेपेल अशी करणे, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय. डोंगराकडच्या, थांब्यापासून लांब असलेल्या गावांतील वृद्धांना मात्र तिचा लाभ फारसा पोचत नाही.