नकोशी बंदूक

खंडेनवमीला आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत शस्त्रांची पूजा होते. कोणी जुनी तलवार पुसून ठेवतो, कोणी कोयत्याला आणि विळीलाच फूल वाहतो. काही घरांत मात्र त्या दिवशी माळ्यावरून एक लांबट गवसणी खाली येते. आत आजोबांची दुनळी बंदूक असते. तिला गंध लागते, झेंडूचे फूल मिळते आणि ती पुन्हा माळ्यावर जाते. आजोबा जाऊन कैक वर्षे लोटली. परवान्याची मुदत केव्हा संपली, हे घरात कोणास ठाऊक नाही. बंदूक कोणालाच नको आहे. पण ती फेकता येत नाही, भंगारात देता येत नाही, आणि ठाण्यावर घेऊन जावे तर पाय उचलत नाही.

हे पाय का उचलत नाहीत, याचे उत्तर आम्हांला इतिहासात सापडते. तेवढे कळले म्हणजे बंदुकीचे काय करावे, हेही सहज कळेल.

१८५७ च्या उठावाने इंग्रज सरकार हादरले आणि त्याने प्रजेच्या हातची हत्यारे काढून घेण्याचे सत्र आरंभले. १८६० साली एक कायदा झाला. पण खरी जरब बसवली ती लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. म्हणजे लोकांनी उघडपणे विचार करावयास जेमतेम सुरुवात केली होती, तोच हा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. त्यातही बोच अशी, की नियमांनी युरोपियनांना सूट दिली. परका माणूस खुशाल बंदूक बाळगी आणि येथल्याने तीच वस्तू अर्ज करून मागावी, हा भेद लोकांच्या जिव्हारी लागला. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात हा कायदा सौम्य करण्याची मागणी केली. १९१८ साली सैन्यभरतीचे आवाहन करतानाही गांधीजींनी, इंग्रजी राज्याच्या काळ्या करणीत हा कायदा सर्वांत काळा गणला जाईल, अशा आशयाचे लिहिले. १९३१ च्या कराची ठरावात नागरिकांच्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला.

असा कायदा ज्या समाजाच्या डोक्यावर असतो, त्या समाजाला एक खोड लागते. हत्यार लपवावे, त्याविषयी बोलू नये, आणि सरकारी माणूस दिसला की दार लावून घ्यावे. राज्य गेले, खोड राहिली.

स्वातंत्र्य आल्यावर हा प्रश्न घटना समितीपुढे आला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा, अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. सरसकट हक्क दिला तर तो चोराचिलटांनाही मिळेल, आणि आग्रह धरावयाचा तो हक्कापेक्षा कर्तव्याचा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९५९ साली स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. परवाना राहिला, पण कायद्यापुढे उभा राहिलेला माणूस आता जित प्रजाजन नव्हता, नागरिक होता. हा फरक कागदावर लहान दिसतो. आमच्या मते सारे मर्म त्यातच आहे.

दरम्यान बंदुकीची गरजही आटत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा शौक कायद्याने संपलाच. परवानाधारकाला किती बंदुका ठेवता येतील, यावर १९८३ साली तीनची मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि तिसरी बंदूक एक वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास सांगितले. कोकणात पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक अजून लागते. पण शहरात गेलेल्या मुलाला ती घेऊन काय करावयाचे?

तर मग विकावी कशी? खाजगी वापराची बंदूक विकण्यासाठी दुकानदाराचा परवाना लागत नाही. परंतु घेणारा माणूस ती बाळगण्यास पात्र असला पाहिजे, आणि विकण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. त्या पत्रात विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नावपत्ता, दोन्ही असावे लागतात. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. लोक या मुदतीला कंटाळतात. आम्ही म्हणतो, घर विकताना आपण शोध घेतोच ना? बंदूक तर घरापेक्षा अधिक जपून द्यावयाची वस्तू. या दीड महिन्यात घेणारा कोण आहे, हे पाहण्यास सरकारला अवसर मिळतो, आणि विकणाऱ्याला पुढे आयुष्यभर निवांत झोप मिळते.

घेणाऱ्याचा परवाना मूळ प्रतीत पाहावा, झेरॉक्सवर विसंबू नये. त्यावर ज्या जातीची बंदूक लिहिली आहे, तीच आपली आहे ना, हे ताडावे. त्याचे वय २१ वर्षांहून कमी नसावे. बंदुकीवरचा क्रमांक जुळवून घ्यावा. तो कानशीने घासून काढणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. व्यवहाराची नोंद परवान्यावर करून घ्यावी आणि पत्राची पोच जपून ठेवावी. गिऱ्हाईक स्वतः शोधण्याची यातायात नको असेल, तर परवानाधारक विक्रेत्याची वाट मोकळी आहे.

एक सांभाळण्याची गोष्ट आहे. दुनळीच्या नळ्या उघडून, आत काडतूस नाही याची खात्री करून घ्यावी आणि काडतुसे वेगळी ठेवावीत. ठासणीची बंदूक कित्येक वर्षांपूर्वी भरून तशीच ठेवलेली असू शकते. तिचा चाप ओढून पाहण्याचा मोह कोणी करू नये. ती जाणत्या कारागिराकडूनच तपासून घ्यावी.

आता त्या माळ्यावरच्या बंदुकीकडे येऊ. परवानाधारक वारला किंवा मुदत टळली, की बंदूक विनाविलंब ठाण्यात, अथवा नियमांप्रमाणे विक्रेत्याकडे जमा करावी, असे कायद्याचे २१ वे कलम सांगते. जमा केली म्हणजे ती गेली, ही समजूत चुकीची आहे. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःचा परवाना मिळवला, तर ती परत मिळते. नको असेल, तर पात्र माणसाला विकून तिची किंमत घेण्याचा अधिकारही वारसाला आहे. मुदत उलटू दिली, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. आणि काहीच न करता ती माळ्यावरच ठेवली, तर परवान्याविना बंदूक बाळगल्याचा गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला साधारणतः दोन ते पाच वर्षे कैद आहे. नवऱ्याची आठवण म्हणून ती जपणाऱ्या वृद्ध बाईला हे कोणी तरी वेळेवर सांगावयास हवे. आम्ही ते आज सांगत आहो.

१८७८ चा कायदा हत्यार काढून घेण्यासाठी होता. आजच्या कायद्यात, ते कोणाच्या हाती द्यावे हे ठरवण्यात आपलाही वाटा आहे. ठाण्याची पायरी चढताना जे भय वाटते, ते आपल्या आजोबांच्या वाट्याला आलेल्या राज्याचे आहे; ते त्यांच्याबरोबर जाऊ द्यावे. पुढच्या खंडेनवमीला गवसणी खाली आली, की फूल वाहण्याआधी परवाना शोधावा. तो सापडला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला पत्र लिहावे आणि तिची पोच देवघरात ठेवावी. शस्त्राची पूजा त्यानेच पुरी होईल.