दुपारच्या सुट्टीतला सराव

परीक्षा जवळ आली की मुलाला मैदानावरून बोलावून घ्या, असे पालक आम्हां शिक्षकांना आवर्जून सांगतात. अशा वेळी मला रॉजर बॅनिस्टरची हकीकत आठवते.

१९४६ साली हा मुलगा वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी ऑक्सफर्डला आला. विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक क्लबचा अध्यक्ष झाल्यावर त्याने इफ्ली रोडवरील जुनी, ओबडधोबड धावपट्टी बदलण्याचा आग्रह धरला. नवी धावपट्टी १९५० मध्ये तयार झाली. अतिसराव हा सभ्य माणसाला न शोभणारा, अशी तेथील जुनी समजूत होती. बॅनिस्टरही बेतानेच सराव करी.

त्याची किंमत १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मोजावी लागली. (याच ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले.) १५०० मीटरमध्ये ऐनवेळी उपांत्य फेरी वाढविली गेली. लागोपाठ तीन दिवस धावावे लागले आणि दोनच शर्यतींच्या हिशेबाने तयार झालेला बॅनिस्टर चौथा आला. पहिला आला लक्झेंबर्गचा बार्थेल. त्याचा प्रशिक्षक गेर्शलर याने फ्रायबुर्ग येथे डॉ. राइंडेल यांच्याबरोबर एक पद्धत बसविली होती: थोडे अंतर वेगाने धावायचे, नाडी खाली येईपर्यंत थांबायचे, पुन्हा धावायचे. त्यांच्या मते हृदय बळकट होते ते त्या थांबण्यातच!

बॅनिस्टर तेव्हा लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात शिकत होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो पॅडिंग्टनच्या मैदानावर जाई. डिसेंबर १९५३ पासून सोबत्यांबरोबर ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती, असा क्रम सुरू झाला. प्रत्येक फेरीला आरंभी ६६ सेकंद लागत; एप्रिलपर्यंत ६१ वर आले. पुढे मात्र काही केल्या वेळ कमी होईना. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडात कडे चढायला गेले. परतल्यावर वेळ लागला ५९ सेकंद!

आमच्याकडे शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मुलांना पळवून दमवितात. मीही दमविले आहे.

६ मे १९५४ रोजी, ज्या धावपट्टीसाठी त्याने आग्रह धरला होता तिच्यावरच, ब्रॅशर आणि चॅटावे यांनी वेग राखून दिला आणि बॅनिस्टरने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. नऊ वर्षे टिकलेला ४ मिनिटे १.४ सेकंदांचा विक्रम मोडला. सेहेचाळीस दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या लँडीने त्याहून कमी वेळ नोंदविला. पण ऑगस्टमध्ये व्हँकुव्हर येथे बॅनिस्टरने त्यालाही मागे टाकले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने शर्यती सोडल्या आणि पूर्णवेळ वैद्यकी पत्करली. पुढे तो मज्जाविकारतज्ज्ञ झाला.