बघ्यांची जागा

अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं एप्रिल २०२२ मध्यें जेनी न्गुयेन या बाईंनीं एक पानगृह काढलें. तेथील दूरचित्रवाणीवर स्त्रियांच्या सामन्यांखेरीज दुसरें कांहीं दाखवावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम. २०१८ सालीं महिला बास्केटबॉलचा एक अंतिम सामना त्यांना मैत्रिणींसह कोपऱ्यांतल्या लहानशा पडद्यावर, आवाजावांचून पाहावा लागला होता. त्याचें हें उत्तर. तेथें मद्यहि मिळतें हें वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या भिवया वर जातील. त्यांनीं पेल्याकडे दुर्लक्ष करून जागेकडे पाहावें. खेळणारीस मैदान मिळालें तरी तिचा खेळ पाहणारीस बसावयास जागा कोठें, हा त्यांतला प्रश्न सातारा-सांगलीकडे फार जुना आहे.

कृष्णाकाठीं खेळ म्हणजे कुस्ती. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस ब्राँझपदक मिळविलें, त्याचा अभिमान बायकांनींहि वाहिला. परंतु तालमीच्या मातीस त्यांचा पाय लागत नव्हता आणि जत्रेच्या फडाभोंवतीं गर्दी पुरुषांची. १९५४ सालीं हमीदा बानूंनीं बडोद्यास बाबा पहिलवानास १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलें. मात्र पुण्यास रामचंद्र साळुंखे यांच्याशीं ठरलेली त्यांची कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळें होऊं शकली नाहीं.

‘महाराष्ट्र केसरी’ची प्रथा १९६१ ची. साताऱ्यास ती स्पर्धा एप्रिल २०२२ मध्यें झाली, तीहि पुरुषांचीच. स्त्रियांची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्यें सांगलीनें भरविली, आणि सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडी यांनीं कल्याणच्या वैष्णवी पाटील यांस हरवून किताब घेतला. गदेस उंबरठा ओलांडावयास ६२ वर्षें लागलीं!

माणांतील मोही हें दुष्काळी गांव. तेथील ललिता बाबर १५ ऑगस्ट २०१६ रोजीं रिओस ३००० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धांवल्या व दहाव्या आल्या. ऑलिंपिकच्या धांवपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरींत १९८४ च्या पी. टी. उषांनंतर भारतीय स्त्री पोंचली ती ही. शर्यत सारी साडेनऊ मिनिटांची. पण चहाच्या हॉटेलांत पडदा चालू असला तरी बांकांवर पुरुष बसलेले. तेथें तेवढीं मिनिटें उभें राहण्यास गांवच्या मुलीनें काय निमित्त सांगावें?

पुढें साताऱ्याच्या अदिती स्वामी २०२३ सालीं बर्लिनला, वयाच्या १७ व्या वर्षीं, धनुर्विद्येंत जगज्जेत्या झाल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नव्या मुंबईंत भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक जिंकला; उपकर्णधार सांगलीच्या स्मृति मानधना. खेळाडूंची वाण आतां राहिलेली नाहीं.

मग सांगलींत अशी एक खोली कोणी कां चालवूं नये? भांडवल नाहीं, हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. म्हसवडच्या बायकांनीं बँक काढावयाचें ठरविलें तेव्हां अंगठे उठविणाऱ्या सभासदांमुळें त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला. तरी १९९७ सालीं त्यांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. खरी अडचण वेळेची आहे. महिला प्रीमियर लीगचे सामने सायंकाळीं साडेसातास सुरू होतात आणि उठावयास अकरा वाजतात. चालकानें चहासाखरेच्या आधीं रात्रीं मुलींना घरीं पोंचविणाऱ्या रिक्षांचा खर्च मांडावा लागेल.